अंधारी आली गं बाई

६ जानेवारी

आजपासून मी गरोदर आहे.

हे वाक्य लिहून माझं मलाच हसू आलं, म्हणजे वहीची सुरुवात वाईट नाही. झालं असं, की आमच्या नाटकात सुनेचं काम करणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती निघून गेली. गावोगाव नाटक करणाऱ्या आमच्या आरोग्य-पथकात उरलो आम्ही तिघं. सिस्टर, ड्रायव्हरकाका आणि मी. सिस्टर म्हणजे उभा जन्म बाळंतपणाच्या वॉर्डात काढून निवृत्त झालेली बाई. नाटक त्यांनीच लिहिलंय आणि सासूचं कामही त्याच करतात. काका गाडी चालवतात, ढोल बडवतात आणि वेळ आली की नवरा होतात. मी लोक जमवायचं काम करायचो, तोंडानं इंजिनाचे, बकरीचे, भांडणाऱ्या जावांचे आवाज काढून. त्याआधी लग्नांत नकला करून पोट भरायचो. माझं खरं नाव कुणी घेत नाही. सगळे नकल्या म्हणतात, बायकोसुद्धा.

तर सून कोण होणार? काकांना मिशा आहेत आणि त्या काढणार नाहीत म्हणाले. म्हणून मी.

नाटक साधं आहे. सून आठव्या महिन्यात. डोकं ठणकतंय, हातांवर आणि तोंडावर सूज आलीय, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती सासूला सांगते. सासू म्हणते, कामाचा कंटाळा. मग सुनेला झटके येतात आणि दवाखान्यात न्यायला उशीर होतो. शेवटी सिस्टर सासूची शाल काढून ठेवतात आणि लोकांना सांगतात, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघू नका, उठा आणि दवाखाना गाठा. त्यानंतर खुर्ची टाकून प्रेशर मोजायचं मशीन घेऊन बसतात. गावातल्या पोटुशा बायका एकेक करून येतात.

झटका कसा करायचा हे शिकवायला सिस्टर स्वतः जमिनीवर आडव्या झाल्या. त्यांच्या वयात! मुठी आवळल्या, जबडा मिटला, अंग ताठ. तोंडातून आवाज नाही. मग सगळं अंग हादरायला लागलं. काका दुसरीकडे बघायला लागले.

उठून कपडे झटकत म्हणाल्या, "असं असतं. कमी नको, जास्ती नको. आणि हसू येईल असं काही करायचं नाही."

मी म्हटलं, "सिस्टर, मी नकल्या आहे. समोर जे दिसतं ते करतो."

९ जानेवारी

फजिती. शाळेच्या पटांगणात सुरुवात केली तेव्हा बरी गर्दी होती, माझा झटका येईपर्यंत निम्मी पांगली. एक माणूस माझ्या अगदी समोर उभा राहून फोनवर ट्रॅक्टरच्या टायरबद्दल बोलत होता. मी तिथं मरतोय आणि हा टायरचा भाव करतोय. आरोग्य खात्याचे साहेब आले होते, त्यांनी फोटो काढला आणि विचारलं, "यात माणसं कुठं आहेत हो?"

सिस्टर म्हणाल्या, ज्या थांबल्या त्यातल्या चौघींचं प्रेशर मोजलं, एकीला उद्या दवाखान्यात बोलावलंय. त्यांना तेवढ्यावर समाधान आहे. माझ्यासारख्या माणसाला रिकामं पटांगण बघवत नाही. बायकोला फोन करून सांगितलं, ती म्हणाली, पगार मिळतोय ना, मग गप पड की मरून. बायको तशी समजूतदार आहे.

११ जानेवारी

आज काय झालं ते लिहायला हात शिवशिवतोय.

पोटाला बांधलेली उशी सुटली. ऐन प्रसंगात! सासू मला टाकून बोलतेय आणि उशी सरकत सरकत गुडघ्यापर्यंत आली. पहिल्या ओळीतली पोरं खिदळली. माझी पाचावर धारण बसली, पण तोंड आपोआप चाललं. म्हटलं, "अगं बाई, हे तर आधीच निघालं!" हशा पिकला असा, की झाडावरची पाखरं उडाली. मग मला थांबवणार कोण? कपाळावर आडवा हात मारून बारीक आवाजात ओरडलो, "अंधारी आली गं बाई, अंधारी!" आणि कोसळलो. झटका केला तो माझ्या पद्धतीनं. डोळे फिरवले, पाय सायकल मारल्यासारखे चालवले, कापलेल्या कोंबडीचा आवाज काढला. लोक पोट धरधरून हसले. एकही माणूस हलला नाही. उलट आजूबाजूच्या घरांतून धावत आले.

असं हसू मी लग्नांतही कधी मिळवलं नव्हतं. खरं सांगतो, उठून उभा राहिलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

गाडीत सिस्टर म्हणाल्या, "मागे बसलेल्या म्हातारीला मी विचारलं, आजी, काय कळलं नाटकातून? म्हणाली, बाप्या माणूस बाई झाला."

काका फिस्सकन हसले आणि मग रस्त्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "पण थांबली ना ती शेवटपर्यंत?"

१५ जानेवारी

साहेब पुन्हा आले. आज फोटोत माणसं मावत नव्हती. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "असं पाहिजे! हसत-खेळत शिकवा." सिस्टरांनाही म्हणाले, तुमच्या पथकाचं नाव वर कळवतो. सिस्टर शालीची घडी घालत राहिल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत, हेही मी पाहिलं.

मला वाटतं त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात. इतकी वर्षं त्यांचं भाषण ऐकून लोक जांभया देत होते आणि आता त्यांच्याच नाटकाला माझ्यासाठी गर्दी होते. साहजिक आहे. मी मनावर घेत नाही.

२० जानेवारी

सुट्टीवर घरी. आमच्या चिमुरडीनं मी आल्याआल्या दारातच कपाळावर हात मारला, "अंधारी आली गं बाई," आणि फरशीवर पडून पाय झाडले. मी इतका हसलो की ठसका लागला. शेजारच्या घरातल्या पोरांनाही तिनं शिकवलंय म्हणे.

बायको हसली नाही. चहा पुढे ठेवत म्हणाली, "हिच्या वेळी मला शेवटी शेवटी दिसायचं कमी झालं होतं, आठवतं?"

मला आठवेना. मी म्हटलं, "तेव्हा चष्मा लागला असेल."

"चष्मा?" एवढंच म्हणाली आणि कप उचलून घेऊन गेली. माझा चहा अजून प्यायचा होता.

२४ जानेवारी

आता गाडी गावाच्या वेशीत शिरली की पोरं मागे धावतात, आणि धावता धावता एकेक जण रस्त्यातच पडून झटके देतो. आज बाजारात एका भाजीवालीकडे गिऱ्हाईक भाव पाडून मागत होतं. ती म्हणाली, "एवढ्यात द्यायचं? मला अंधारीच आली गं बाई!" आजूबाजूचे सगळे हसले. मी तिथंच उभा होतो, पण तिनं मला ओळखलं नाही. बाईचे कपडे नसले की मला कुणी ओळखत नाही. तरी छाती फुगली. माझं वाक्य आता माझ्याशिवाय चालतंय.

हे मी सिस्टरांना उत्साहानं सांगितलं. म्हटलं, बघा, निरोप घराघरात पोचला.

त्या मशीनचा पट्टा गुंडाळत होत्या. "आणि असं म्हणून झाल्यावर ती काय करते?"

"कोण?"

"भाजीवाली. अंधारी आली म्हणते, आणि मग?"

"मग काय, हसते."

"हं," म्हणाल्या.

आज मशीनसमोर कुणी बसलं नव्हतं खरं. नाटक संपलं की बायका हल्ली माझ्याकडेच येतात, उशी दाखवा म्हणतात, कोंबडी करून दाखवा म्हणतात. गर्दी मोडून त्यांना तिकडे पाठवायला मला कसंतरी वाटतं. चार क्षण हसल्या तर बिघडलं कुठं.

२९ जानेवारी

दुकानवाल्या मावशींच्या गावाला आज दुसऱ्यांदा गेलो, खास बोलावणं आलं म्हणून. किराणा दुकान त्यांचं, मागेच घर. आमचं सामान तिथंच उतरतं आणि आम्ही कपडेही तिथंच बदलतो. सिस्टर आज नव्हत्या, त्यांना कसल्या बैठकीला बोलावलं होतं. सासूचं काम काकांनी केलं, मिशांसकट, सिस्टरांची शाल घेऊन. विचारूच नका. असा खेळ पुन्हा होणे नाही.

मावशींची सून आठव्या महिन्यात आहे, नवरा ट्रकवर असतो. पहिल्या खेपेला तिनंच सगळ्यांत मोठ्यानं हसून दाद दिली होती आणि माझं वाक्य माझ्यापेक्षा झकास म्हणून दाखवलं होतं. आज आलो तेव्हा साखरेच्या पोत्यावर बसून बोटातली अंगठी साबण लावून काढत होती. निघता निघेना. मी म्हटलं, "वहिनी, दुकानातलं खाणं बंद करा आता." मावशी गल्ल्यावरून म्हणाल्या, "माझ्या हातचं मानवलंय तिला. तोंड बघ कसं गरगरीत झालंय."

खेळाच्या आधी मी मागच्या खोलीत उशी बांधत होतो तर ही दारात आली. म्हणाली, "भाऊ, अंधारी येते."

मी लगेच म्हटलं, "आली गं बाई!"

"नाही, खरंच येते." तोंडावरची रेष न हलवता! आणि हात कपाळाला लावून खालच्या पोत्यावर मटकन बसली. काय टायमिंग! मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना हाका मारून बोलावलं, म्हटलं, या बघा, ही माझ्या पोटावर पाय देणार. मावशी तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग तीही हसली थोडी.

खेळ बघायला मात्र ती आली नाही. आवरायचं असेल.

३ फेब्रुवारी

काकांना पेट्रोल पंपावर कळलं. मावशींच्या सुनेला काल सकाळी झटके आले.

नळावर गेली होती. तिथंच पडली. पोरं होती नळावर, ती हसायला लागली. टाळ्या वाजवल्या म्हणे. मावशी दुकानातून ओरडल्या, पुरे झालं आता, ऊठ, पाणी जातंय वाया. मग बऱ्याच वेळानं कुणाला तरी फेस दिसला. गाडी शोधण्यात आणखी वेळ गेला.

मूल गेलं. ती जिवंत आहे, शुद्धीवर नाही.

काका हे सांगत होते आणि मी मध्येच विचारलं, "कोण मावशी?" मला माहीत होतं कोण मावशी.

४ फेब्रुवारी

ती म्हणाली होती, खरंच येते.

५ फेब्रुवारी

दिवसभर स्वतःशी भांडतोय. मी डॉक्टर आहे का? नाही. सिस्टर नव्हत्या त्याला मी काय करणार? पोरांना मी शिकवलं का नळावर टाळ्या वाजवायला? मशीन गाडीत होतं, पण मला ते कुठं लावता येतं? प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे माझ्याकडे. सगळी उत्तरं देऊन झाली की ती अंगठी आठवते. साबणाचा फेस बोटाला लागलेला. आणि सुजलेल्या बोटांचं नाटक मी गावोगाव करतो! माझ्याच तोंडची वाक्यं आहेत ती, रोज म्हणतो, "बघा हो सासूबाई, बोटातली अंगठी निघत नाही." ती माझ्यासमोर बसून अंगठी काढत होती आणि मी म्हटलं, खाणं बंद करा.

लाज या शब्दानं भागत नाही. माझ्याइतका नालायक माणूस मी पाहिला नाही, आणि मी आयुष्यभर माणसंच बघत आलोय.

७ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो. आत जायची हिंमत नव्हती, म्हटलं लांबूनच विचारून परत फिरावं. पण मावशी वऱ्हांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आलास रे बाबा. शुद्धीवर आलीय ती. पण बोलत नाही कुणाशी." मग रडायलाच लागल्या. "आम्ही हसलो रे. तुम्ही यायच्या आधी दोन-तीन दिवस म्हणत होती, अंधारी येते, डोकं फुटतंय. आम्ही म्हटलं, झाली नकल्याची चेली. पडली तेव्हासुद्धा मी जागेवरून उठले नाही. पोटचा गोळा गेला पोरीचा, आणि मी सुटे मोजत बसले होते."

तिथून एक नर्स चालली होती. मावशींनी तिला थांबवलं. "हा बघा, नाटकातला. यानं आम्हाला आधीच सगळं दाखवलं होतं हो. आम्हीच करंटे."

नर्सनं माझ्याकडे चांगल्या नजरेनं बघितलं. मी म्हणायला हवं होतं की मावशी, तुमच्याआधी मी हसलो. तुमच्या सुनेनं मला सांगितलं आणि मी टाळ्या वाजवून तुम्हालाच हसायला बोलावलं. म्हटलं काय? म्हटलं, "चहा आणतो तुमच्यासाठी." चहा आणून दिला आणि पळालो.

म्हणजे त्या बाईच्या डोक्यावर माझंही ओझं ठेवून आलो. तिनं ते घेतलंसुद्धा, वर आभार मानले.

८ फेब्रुवारी

सिस्टरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. अंगठीचं, "खरंच येते"चं, टाळ्यांचं. त्या ओट्याला टेकून ऐकत होत्या. मध्ये एकदा डोळे मिटले.

मी म्हटलं, "शिव्या घाला मला."

"तोंड नाही मला शिव्या घालायला," म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच तुझी उशी काढून घ्यायला हवी होती. घेतली नाही. का? साहेबांनी पाठ थोपटली, मलाही गुदगुल्या झाल्या. म्हटलं, गर्दी तर होतेय. मशीनपुढची खुर्ची रिकामी राहतेय हे मला दिसत होतं, तुला नाही. मला दिसत होतं, नकल्या."

मी म्हटलं की मी काम सोडतो.

"सोड खुशाल. पण ते वाक्य गावागावांत टाकून आलायस, ते कोण उचलून आणणार? मी? माझ्यावर कुणी हसलंय का कधी? आज कुठंतरी एखादी खरंच अंधारी येते म्हणून सांगत असेल आणि घरातले हसत असतील. तू घरी बसून पश्चात्ताप करत बस."

मला राग आला. मग तो माझा मलाच आलाय हे कळून आणखी वाईट वाटलं. उद्यापासून सगळी गावं पुन्हा घ्यायचं ठरलंय. झटका सिस्टरांनी शिकवला तसा. कमी नको, जास्ती नको.

१२ फेब्रुवारी

हसतात. काय करू?

उशी घट्ट बांधली. कोंबडी नाही, सायकल नाही, ते वाक्य नाही. साधं म्हटलं, "डोळ्यांपुढे काळं काळं होतंय, आई." तर गर्दीतूनच पोरं ओरडली, "अंधारी आली गं बाई!" आणि पटांगण फुटलं. मुठी आवळून, जबडा मिटून पडलो, तर लोकांना वाटलं नवीन प्रकार आणलाय. जितकं खरं करावं तितके जास्त हसतात. जमिनीवर पडल्यापडल्या मला त्यांची तोंडं दिसत होती, उघडी, आनंदी. चांगली माणसं आहेत हो ती. मीच त्यांना सांगितलंय की हे हसायचं असतं. आता नाही म्हणून कसं सांगू?

शेवटी उठून बसलो आणि म्हटलं, "यावर हसू नका. चूक माझी आहे, मी तुम्हाला खोटं दाखवलं. यात बाई मरते." मग एकानं विचारलं, "हे पण नाटकातच आहे का?"

सिस्टर पुढे आल्या नाहीत. मला वाटलं होतं येतील. गाडीत विचारलं तर म्हणाल्या, "तुझं तुलाच करायला हवं. मशीनपुढे आज तिघी बसल्या." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बरं केलंस, उठून बसलास ते."

१६ फेब्रुवारी

आज बायकोला फोनवर विचारलं, तुला दिसायचं कमी झालं होतं तेव्हा तू कुणाला सांगितलं होतंस?

"तुला," म्हणाली.

"आणि मी काय केलं?"

"नक्कल केलीस. आंधळ्या माणसाची." मग म्हणाली, "माझी आई होती म्हणून मला गाडीत घालून नेलं. जाऊ दे आता. जेवलास का?"

२२ फेब्रुवारी

आज मावशींचं गाव होतं. सिस्टरांनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

वहिनी घरी आलीय. दुकानाच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसली होती, साबणाच्या खोक्यांना पाठ टेकून. इतकी वाळलीय की आधी मी ओळखलंच नाही. मावशी बाहेर गिऱ्हाईक करत होत्या. मी दारातूनच "कसं आहे वहिनी" म्हणून सटकणार होतो, तर म्हणाली, "भाऊ, आत या. दार लोटून घ्या."

मी दार लोटलं.

"मला काही आठवत नाही," म्हणाली. "नळावर गेले एवढं आठवतं. मग एकदम दवाखान्याचं छत. मधलं घरात कुणी सांगत नाही. विचारलं की सासूबाई रडायला लागतात. ह्यांनाही ठाऊक नाही, हे तर ट्रकवर. नळावरची पोरं म्हणतात, नकल्या करतो तसंच केलंस. मग म्हटलं, तुम्हालाच विचारावं. दाखवा मला."

"वहिनी, नको."

"सगळ्या गावांना दाखवता. मला दाखवायला काय झालं?"

मी खाली आडवा झालो. उशी नव्हती, माझेच कपडे होते, शर्ट-पँट. सिस्टरांनी दाखवलं होतं तसं केलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी हसेल याची भीती नव्हती आणि कुणी हसावं ही इच्छाही नव्हती. ती स्टुलावरून वाकून बघत होती. माझा गाल फरशीला लागला होता, तिचे पाय दिसत होते. पायांची सूज उतरलीय.

थांबलो तेव्हा म्हणाली, "एवढंच?"

"खऱ्याला याहून जास्त वेळ लागतो. आणि पुन्हा पुन्हा येतो."

"आणि हे सगळे हसत होते."

"कळेपर्यंत," म्हटलं. मग मात्र राहवेना. फरशीवर बसूनच सांगितलं, "वहिनी, त्यांच्याआधी मी हसलो. तुम्ही त्या दिवशी मला येऊन सांगितलंत. मी..."

"ते आठवतंय मला," ती म्हणाली. "टाळ्या वाजवल्यात तुम्ही." आवाज चढवला नाही. "घरात सांगितलं होतं, घरच्यांना थट्टा वाटली. म्हटलं, घरच्यांचं राहू दे, हे दवाखान्याचे लोक आहेत, हेच तर सांगत फिरतात, यांना कळेल. म्हणून मुद्दाम तुमच्याकडे आले. तुम्हीही हसल्यावर मला वाटलं, मग काही नसेलच. त्यानंतर मी कुणाला नाही सांगितलं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं. बाहेर काकांचा ढोल सुरू झाला होता. मावशींनी दाराबाहेरून हाक मारली, माणसं जमली रे, चल.

"जा," ती म्हणाली. "आज नीट करा."

मावशींना मात्र मी तिथंच, दाराशी सांगितलं. दोन वाक्यांत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातला तराजू खाली ठेवला आणि आत सुनेकडे गेल्या. मागून कुणाच्या रडण्याचा आवाज आला, कुणाच्या ते कळलं नाही.

खेळ सुरू झाला तेव्हा ती येऊन पहिल्या ओळीत बसली. शेजारी मावशी. गावाला सगळं ठाऊक आहे, तरी सवय कुठं जाते? मी कोसळलो आणि मागच्या बाजूनं कुणीतरी हसलं, एखादं पोरगंच असेल. तशी ती उठली. मागे वळली आणि गर्दीकडे तोंड करून उभी राहिली. माझा झटका संपेपर्यंत, सिस्टर पुढे येऊन शाल काढेपर्यंत, तशीच उभी होती. मला जमिनीवरून तिची पाठ दिसत होती. कुणी हसलं नाही.

खेळ संपला की मी दिसेल त्याला विचारतो, कसं झालं माझं काम? आज तिला विचारावंसं वाटलं. पण तिनं बघितलंच नव्हतं, आणि विचारायला मला तोंड नव्हतं.